घरगुती नेटवर्क केबलजोडणी

घरगुती नेटवर्क केबलजोडणी म्हणजे राहत्या घरातील संगणक, दूरचित्रवाणी संच, वाय-फाय उपकरणे, सुरक्षा कॅमेरे इत्यादी साधने परस्परांशी आणि आंतरजालाशी जोडण्यासाठी भिंतीतून, छतातून किंवा भिंतीवरील पट्ट्यांतून कायमस्वरूपी केबल टाकण्याचे काम होय. केबलचा मार्ग आखणे, पाइप बसवणे, केबल ओढणे, तिच्या दोन्ही टोकांना सॉकेट जोडणे, प्रत्येक जोडणीची चाचणी घेणे आणि तिची नोंद ठेवणे या सर्वांचा त्यात अंतर्भाव होतो. हे काम बहुतेक वेळा वायरमन, सुरक्षा कॅमेरे बसवणारे कारागीर किंवा केबलजोडणीचे ठेकेदार यांना दिले जाते.

या कामाचा बराचसा भाग गिलाव्याआड जातो. राउटर किंवा स्विच काही वर्षांनी सहज बदलता येतो. भिंतीतील केबल मात्र पाइपमध्ये अडकली असेल तर भिंत फोडल्याशिवाय बदलता येत नाही. शिवाय निकृष्ट केबल किंवा सदोष जोड असूनही पहिल्या दिवशी जोडणी चालू झालेली दिसते आणि दोष पुढे कमी वेग, अधूनमधून तुटणारी जोडणी किंवा बंद पडणारा कॅमेरा अशा रूपांत प्रकट होतो. त्यामुळे कारागिराची निवड, कामाचा लेखी तपशील आणि भिंत बुजवण्यापूर्वीची चाचणी या तीन बाबी या कामात निर्णायक ठरतात.

इतिहास

दोन वाहक तारा एकमेकींभोवती पिळून बाहेरील विद्युत अडथळा कमी करण्याची कल्पना अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी १८८१ मध्ये दूरध्वनीसाठी मांडली. आजच्या नेटवर्क केबलमध्ये अशाच पिळाच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा असतात.

ईथरनेट हे तंत्र १९७३ पासून अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. आरंभीचे ईथरनेट जाड समाक्ष केबलवर चालत असे. एकाच केबलला सर्व संगणक जोडलेले असल्याने ती एका ठिकाणी तुटली की सगळे जाळे बंद पडे. १९९० मध्ये आयईईई या संस्थेने १०बेस-टी हे मानक स्वीकारले आणि पिळाच्या जोडतारेवर, एका मध्यवर्ती ठिकाणापासून प्रत्येक संगणकापर्यंत स्वतंत्र केबल नेण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर १९९५ मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट, १९९९ मध्ये १ गिगाबिट आणि २००६ मध्ये १० गिगाबिट वेगाची मानके जोडतारेसाठी आली. २०१६ मध्ये २.५ आणि ५ गिगाबिट हे मधले वेगही मानकात समाविष्ट झाले.

केबलजोडणीची स्वतंत्र मानके १९९१ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या वर्षी अमेरिकेत व्यावसायिक इमारतींसाठी ५६८ क्रमांकाचे मानक आले. निवासी इमारतींसाठी ५७० क्रमांकाची मानकमालिका आहे. १९९५ मध्ये आयएसओ/आयईसी ११८०१ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीतील चौथा भाग घरांतील केबलजोडणीला वाहिलेला आहे.

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने सुरू केली. त्या काळी घरात दूरध्वनीची एक जोडणी आणि फार तर एक संगणक असे. घरभर केबल नेण्याचे कारणच नव्हते. प्रकाशीय तंतूची जोडणी थेट घरापर्यंत येऊ लागल्यावर आणि एकाच घरातील अनेक उपकरणे एकाच वेळी आंतरजाल वापरू लागल्यावर चित्र पालटले. पूर्वी घराबाहेरची तार हा वेगाचा अडसर होता. आता तो पुष्कळदा घरातच असतो.

वाय-फाय असताना केबलची आवश्यकता

वाय-फायमुळे केबलची गरज उरली नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात वाय-फाय ही सामायिक वाट आहे. एका वाहिनीवर एका वेळी सामान्यतः एकच उपकरण बोलू शकते, त्यामुळे उपकरणे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटतो. वीट, काँक्रीट आणि लोखंडी सळया यांतून जाताना लहरी क्षीण होतात. वारंवारता जितकी जास्त तितकी ही घट अधिक. भारतातील घरे प्रामुख्याने विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतींची असल्याने दिवाणखान्यातील राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा संकेत दोन भिंती ओलांडून शेवटच्या खोलीत पोहोचेपर्यंत बराच दुबळा होतो.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे जिथे संकेत हवा त्याच खोलीत किंवा तिच्याजवळ आणखी एक वाय-फाय उपकरण बसवणे आणि त्याला केबलने जोडणे. म्हणजेच चांगल्या वाय-फायच्या मुळाशीही केबल असते. याखेरीज संगणकाची मेजे, दूरचित्रवाणी संच आणि कॅमेरे यांसारखी जागा न बदलणारी उपकरणे केबलवर ठेवल्यास वाय-फायची वाट भ्रमणध्वनींसाठी मोकळी राहते.

रचना व घटक

घरातील केबलजोडणीची रचना ताऱ्यासारखी असते. एका मध्यवर्ती जागेपासून प्रत्येक खोलीतील सॉकेटपर्यंत अखंड केबल जाते. मध्ये जोड दिला जात नाही. मुख्य घटक पुढीलप्रमाणे:

• मध्यवर्ती पेटी: येथे पॅच पॅनल आणि स्विच असतात. जागा कोरडी व हवेशीर असावी लागते आणि तेथे वीजजोडणी लागते. भारनियमनाचा त्रास असलेल्या भागात ही वीजजोडणी इन्व्हर्टरच्या वाहिनीवर घेतली जाते.
• स्थिर केबल: भिंतीतून जाणारी, घन वाहक असलेली केबल. तिची दोन्ही टोके सॉकेट किंवा पॅच पॅनलमध्ये बसवली जातात.
• भिंतीवरील सॉकेट: कारागिरांच्या बोलीत याला ‘आयओ’ किंवा ‘लॅन पॉइंट’ म्हणतात.
• पॅच कॉर्ड: सॉकेटपासून उपकरणापर्यंतची लवचिक केबल. तिच्यातील प्रत्येक वाहक बारीक तारांच्या पुंजक्याचा असतो, त्यामुळे वारंवार वाकवूनही ती लवकर तुटत नाही.

मानकानुसार एका जोडणीची एकूण लांबी १०० मीटरपर्यंत असू शकते. त्यांपैकी ९० मीटर स्थिर केबल आणि १० मीटर पॅच कॉर्ड धरली जाते. घरात ही मर्यादा क्वचितच गाठली जाते.

सेवा पुरवठादाराचा प्रकाशीय तंतू ज्या ठिकाणी घरात शिरतो ते ठिकाण आणि मध्यवर्ती पेटी या वेगवेगळ्या जागी असतील, तर त्या दोहोंमध्येही किमान एक, शक्य तर दोन केबल टाकणे आवश्यक असते. आराखड्यात हीच केबल वारंवार विसरली जाते आणि मग सर्व खोल्यांतील सॉकेट असूनही त्यांना आंतरजाल पोहोचवण्यासाठी उघड्यावरून केबल न्यावी लागते.

केबलचे वर्ग

जोडतार केबलचे वर्ग तिच्या वारंवारतेच्या क्षमतेवरून ठरतात:

• कॅट ५ई: १०० मेगाहर्ट्झ, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेग.
• कॅट ६: २५० मेगाहर्ट्झ, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, तर अनुकूल स्थितीत सुमारे ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट.
• कॅट ६ए: ५०० मेगाहर्ट्झ; १०० मीटरपर्यंत १० गिगाबिट.
• कॅट ८: २००० मेगाहर्ट्झ; केवळ ३० मीटरपर्यंत, मुख्यत्वे माहिती केंद्रांसाठी.

घरातील अंतरे लहान असल्याने कॅट ६ ही केबल बहुतेक घरांना दीर्घकाळ पुरेशी ठरते. कॅट ६ए अधिक जाड व ताठ असते आणि तिला मोठा पाइप लागतो. कॅट ७ या नावाने आरजे-४५ टोके लावलेल्या केबल बाजारात विकल्या जातात. परंतु अमेरिकी मानकात हा वर्ग नाही आणि आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी वेगळ्या प्रकारचे जोड सांगितलेले आहेत. त्यामुळे अशा केबलसाठी जादा पैसे मोजून घरात विशेष लाभ होत नाही.

तांबे व तांब्याचा मुलामा

केबलच्या वर्गापेक्षा तिच्या वाहकाचा धातू अधिक महत्त्वाचा ठरतो. केबलजोडणीच्या मानकांना शुद्ध तांब्याचा वाहक अपेक्षित आहे. बाजारात मात्र ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली केबल पुष्कळ स्वस्त मिळते आणि तिच्यावर ‘कॅट ६’ असे छापलेलेही असते. अशी केबल मानकात बसत नाही.

मानकानुसार जोडतारेतील एका वाहकाचा रोध १०० मीटरला ९.३८ ओहमपेक्षा अधिक नसावा. तेवढ्याच जाडीच्या मुलामा दिलेल्या तारेचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. ज्या केबलमधून माहितीबरोबर वीजही पाठवली जाते तेथे हा फरक गंभीर होतो. सुरक्षा कॅमेरे आणि छतावरील वाय-फाय उपकरणे याच पद्धतीने वीज घेतात. या पद्धतीच्या २००३ च्या मानकात उगमापाशी १५.४ वॅट, २००९ च्या मानकात ३० वॅट आणि २०१८ च्या मानकात ९० वॅटपर्यंत वीज देण्याची तरतूद आहे. रोध वाढला की केबलमध्ये अधिक उष्णता निर्माण होते आणि उपकरणापर्यंत पोहोचणारा विद्युतदाब घटतो. दिवसा चालणारा कॅमेरा रात्री त्याचे दिवे लागताच बंद पडतो, यामागे अनेकदा हेच कारण असते. शिवाय ॲल्युमिनियम ठिसूळ असल्याने सॉकेटमध्ये बसवताना किंवा वाकवताना तार तुटण्याचा संभव अधिक असतो.

दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. वाहकावर धारदार पात्याने खरवडले असता शुद्ध तांबे आतूनही तांबूस दिसते, तर मुलामा दिलेली तार आतून रुपेरी दिसते. तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक असल्याने शुद्ध तांब्याच्या केबलचे खोके लक्षणीय जड लागते. ही तपासणी केबल पाइपमध्ये जाण्यापूर्वी केली तरच उपयोगी पडते.

मार्ग व पाइप

नव्या बांधकामात किंवा नूतनीकरणात भिंतीला झिरी पाडून तीत पीव्हीसी पाइप बसवला जातो आणि गिलाव्यानंतर त्यातून केबल ओढली जाते. राहत्या घरात तोडफोड टाळायची असल्यास भिंतीवर किंवा कोपऱ्यांतून प्लास्टिकच्या पट्ट्या बसवल्या जातात. छताखाली जिप्समचे खोटे छत असेल तर त्यामागूनही केबल नेता येते. झिरी केवळ विटांच्या भिंतीतच पाडली जाते. काँक्रीटचे खांब व तुळया यांत ती पाडल्यास सळया उघड्या पडून इमारतीच्या मजबुतीला बाधा येते.

पाइपचा आकार ठरवताना त्याच्या आतील क्षेत्रफळाचा साधारण ४० टक्के भागच केबलने व्यापावा, असा संकेत आहे. कॅट ६ केबलचा बाह्य व्यास सुमारे ६ मि.मी. धरला, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौ.मि.मी. होते. आतील व्यास १७ मि.मी. असलेल्या पाइपमध्ये या हिशेबाने तीन आणि २१ मि.मी. व्यासाच्या पाइपमध्ये चार केबल बसतात. याहून अधिक केबल कोंबल्यास त्या ओढताना ताणल्या जातात आणि पुढे एखादी बदलणे अशक्य होते. पाइपमध्ये एक ओढदोरी सोडून ठेवल्यास भविष्यात नवी केबल भिंत न फोडता टाकता येते.

नेटवर्क केबल आणि २३० व्होल्टची वीजतार एकाच पाइपमधून नेऊ नये, हा या कामातील प्रमुख सुरक्षा नियम आहे. वीजतारेचे आवरण कोठे फाटले तर तो विद्युतदाब नेटवर्क केबलमार्गे उपकरणापर्यंत आणि माणसाच्या हातापर्यंत येऊ शकतो. दोन्ही मार्ग समांतर जात असतील तर त्यांत व्यवहारात २० ते ३० सें.मी. अंतर ठेवले जाते आणि एकमेकांना छेदायचे असल्यास ते काटकोनात छेदतात.

केबल ओढताना तिच्यावरील ताण ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ११ किलोग्रॅम भाराच्या ओढीपेक्षा, अधिक नसावा. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान चौपट असावी. त्यामुळे काटकोनी सांध्याऐवजी सावकाश वळणारे पाइप वापरले जातात.

गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या केबलला ऊन व पाणी सोसणारे आवरण लागते. घरातली साधी केबल उन्हाने तडकते आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवरील खारट, दमट हवेत उघड्या जोडांवर गंज लवकर चढतो. जुन्या घरांत उंदीर केबल कुरतडतात. तेथे पाइप हे संरक्षणही ठरते. बंगल्यापासून वेगळ्या इमारतीपर्यंत जोडणी न्यायची असल्यास प्रकाशीय तंतू श्रेयस्कर मानला जातो, कारण त्याच्यातून विजेच्या कडकडाटाने निर्माण होणारा विद्युतदाब वाहत नाही.

काम करणारे कारागीर

भारतात घरगुती केबलजोडणीचे काम वेगवेगळ्या व्यवसायांतील लोक करतात. वायरमनला झिऱ्या, पाइप आणि पेट्या यांचे काम उत्तम येते; मात्र नेटवर्क सॉकेट जोडण्याचा आणि तपासण्याचा सराव प्रत्येकाला असतोच असे नाही. सुरक्षा कॅमेरे बसवणाऱ्यांना केबल ओढण्याचा व टोके लावण्याचा सराव असतो. सेवा पुरवठादाराचा तंत्रज्ञ सहसा राउटरपर्यंतच जोडणी देतो. कार्यालयांचे केबलजोडणीचे ठेकेदार चाचणीची साधने बाळगतात, परंतु लहान घरगुती काम ते नेहमीच स्वीकारत नाहीत. त्यामुळे पाइपचे काम वायरमनकडून आणि टोके जोडण्याचे व चाचणीचे काम नेटवर्कच्या कारागिराकडून, अशी विभागणीही केली जाते. अशा वेळी पाइपचा आकार व मार्ग दोघांच्या उपस्थितीत ठरवल्यास पुढील वाद टळतात.

घरातील वीजजोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो. नेटवर्क केबलजोडणीसाठी भारतात तसा सार्वत्रिक परवाना नाही. ऑस्ट्रेलियात मात्र हे काम नोंदणीकृत केबल-कारागिरानेच करावे लागते आणि अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कमी विद्युतदाबाच्या जोडणीसाठी ठेकेदारांचा स्वतंत्र परवाना असतो. परवान्याची कसोटी नसल्याने भारतात कारागिराची पारख त्याचे आधीचे काम आणि त्याची उत्तरे यांवरूनच करावी लागते. ‘टोकांची जोडणी कोणत्या पद्धतीने करणार’, ‘चाचणी कोणत्या साधनाने घेणार’, ‘केबल तांब्याची की मुलाम्याची’ या तीन प्रश्नांवरून कारागिराची जाण बरीचशी स्पष्ट होते.

दरपत्रक व करार

दर सामान्यतः प्रति पॉइंट किंवा प्रति मीटर आकारले जातात. त्यांत केवळ मजुरी धरली आहे की साहित्यासह दर आहे, हे स्पष्ट नसल्यास दोन दरपत्रकांची तुलना करता येत नाही. ‘एक पॉइंट’ या शब्दाचा अर्थही कारागिरागणिक बदलतो. काहींच्या हिशेबात एका पेटीतील दोन सॉकेट म्हणजे एक पॉइंट, तर काहींच्या हिशेबात दोन. कामाच्या लेखी तपशिलात पुढील बाबी अपेक्षित असतात:

• प्रत्येक खोलीतील सॉकेटची संख्या व जागा दाखवणारा नकाशा
• केबलचा उत्पादक, वर्ग आणि ‘शुद्ध तांबे’ असा स्पष्ट उल्लेख
• पाइप, पेट्या, सॉकेट व पॅच पॅनल कोणी आणायचे
• झिऱ्या बुजवणे, गिलावा आणि रंगकाम दरात आहे की नाही
• चाचणीचा प्रकार आणि तिचा अहवाल
• दोन्ही टोकांवर क्रमांक लिहिणे
• पैसे देण्याचे टप्पे आणि दोषदुरुस्तीची मुदत

साहित्याचा अंदाज आधी काढता येतो. उदाहरणार्थ, एका सदनिकेत सहा ठिकाणी प्रत्येकी दोन सॉकेट हवे असतील तर बारा केबल लागतात. प्रत्येकीची सरासरी लांबी १५ मीटर धरल्यास एकूण १८० मीटर आणि टोकांसाठीची जादा लांबी धरून सुमारे २०० मीटर केबल लागते. नेटवर्क केबल ३०५ मीटरच्या, म्हणजे १००० फुटांच्या, खोक्यात येत असल्याने या कामाला एक खोके पुरते. एका ठिकाणी एकाऐवजी दोन केबल टाकल्याने खर्च दुप्पट होत नाही, कारण झिरी, पाइप आणि बरीचशी मजुरी तीच राहते.

अंतिम हप्ता चाचणी पूर्ण झाल्यावरच द्यायचा, अशी अट ग्राहक आणि कारागीर या दोघांच्याही हिताची असते. ग्राहकाला कामाची खात्री मिळते आणि काम कोठे पूर्ण झाले हे ठरलेले असल्याने कारागिराचे पैसे नंतरच्या तक्रारींत अडकून राहत नाहीत.

टोकांची जोडणी

आठ तारांचा क्रम ठरवणाऱ्या टी५६८ए आणि टी५६८बी अशा दोन प्रमाण पद्धती आहेत. टी५६८बी पद्धतीत क्रम असा असतो: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टी५६८ए पद्धतीत नारिंगी व हिरव्या जोड्यांच्या जागा परस्परांत बदलतात. वेगाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही; मात्र संपूर्ण घरात एकच पद्धत वापरावी लागते.

सॉकेटमध्ये बसवताना जोडीचा पीळ १३ मि.मी. पेक्षा अधिक उलगडू नये, असा दंडक आहे. पीळ जितका उलगडेल तितका एका जोडीतील संकेत दुसऱ्या जोडीत मिसळतो. भिंतीतील घन वाहकाच्या केबलला थेट प्लग लावून ती उपकरणाला जोडण्याची प्रथा आढळते. तशी केबल वारंवार हलल्याने प्लगपाशी तुटते आणि तुटलेले टोक भिंतीत आखूड पडते. सॉकेट लावल्यास झीज पॅच कॉर्डची होते आणि ती बदलता येते.

चाचणी

चाचणीचे तीन स्तर मानले जातात. पहिल्या स्तरात प्रत्येक तार योग्य क्रमाने दुसऱ्या टोकाला पोहोचते की नाही हे पाहतात. दुसऱ्या स्तरात अपेक्षित वेग प्रत्यक्षात मिळतो का हे तपासतात. तिसऱ्या स्तरात महागडे उपकरण लांबी, संकेताची घट, जोड्यांमधील मिसळ इत्यादी राशी मोजून मानकाशी ताडते व अहवाल देते. तिसऱ्या स्तराची चाचणी प्रामुख्याने कार्यालयांत होते. घरासाठी पहिले दोन स्तर बहुधा पुरेसे असतात.

पहिल्या स्तरासाठी वापरल्या जाणाऱ्या आठ दिव्यांच्या स्वस्त उपकरणाची मर्यादा लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही टोकांना तारा सारख्याच पण चुकीच्या क्रमाने लावल्या, म्हणजे रंगाच्या जोड्या एकापुढे एक अशा बसवल्या, तर आठही दिवे ओळीने लागतात. प्रत्यक्षात तिसऱ्या व सहाव्या क्रमांकाच्या तारा वेगवेगळ्या पिळांतून गेलेल्या असतात आणि संकेत एकमेकांत मिसळतात. याला जोडी फुटणे म्हणतात. हा दोष केवळ दिवे पाहून कळत नाही; तो प्रत्यक्ष वेग पाहिल्यावर किंवा अधिक चांगल्या उपकरणानेच कळतो.

साध्या साधनांनीही उपयुक्त तपासणी करता येते. प्रत्येक सॉकेटला गिगाबिट क्षमतेचा लॅपटॉप जोडून जोडणीचा वेग पाहिल्यास तो १००० मेगाबिट दिसला पाहिजे. तो १०० मेगाबिट दिसल्यास बहुधा एखादी जोडी तुटलेली असते, कारण १००० मेगाबिटसाठी चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोनच पुरतात. अशी जोडणी बंद पडत नाही, दहापट हळू चालते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. ही तपासणी झिऱ्या बुजवण्यापूर्वी आणि रंगकामानंतर अशी दोनदा केल्यास मधल्या काळात खिळा किंवा ड्रिल लागून झालेली हानीही उघड होते. बुजवण्यापूर्वी भिंतींची छायाचित्रे काढून ठेवणे पुढे चित्र टांगताना वा कपाट बसवताना उपयोगी पडते.

भारतातील नियम व ग्राहकाचे हक्क

भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ मध्ये इमारतींतील माहिती व संप्रेषण सुविधांसाठी स्वतंत्र विभाग आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार मानांकन देण्याची नियमावली प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरफार करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. जिन्यातून, सामाईक डक्टमधून किंवा बाहेरच्या भिंतीवरून केबल नेताना हा प्रश्न विशेषतः उद्भवतो.

पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. नव्या सदनिकेत बांधकाम व्यावसायिकाने करारानुसार केबलजोडणी करून दिली असेल, तर स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला कामातील दोष त्याने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. दोन्ही बाबतींत लेखी तपशील, बिल आणि चाचणीची नोंद हाच मुख्य पुरावा ठरतो. तोंडी ठरलेल्या कामात ‘कॅट ६ केबल टाकू’ एवढेच बोलणे झालेले असेल, तर मुलाम्याची केबल टाकल्याचे सिद्ध करणे अवघड जाते.

पर्याय

भिंत फोडणे शक्य नसलेल्या, विशेषतः भाड्याच्या, घरांत काही पर्याय वापरले जातात. एकमेकांना संकेत पुढे देणाऱ्या वाय-फाय उपकरणांचा संच बसवणे सर्वांत सोपे असते, पण केबल नसल्यास प्रत्येक टप्प्यावर वेग घटू शकतो. घरातील वीजतारांवरून माहिती पाठवणारी उपकरणे मिळतात. त्यांचा वेग वीजजोडणीच्या स्थितीवर अवलंबून असतो. दूरचित्रवाणीसाठी पूर्वी टाकलेली समाक्ष केबल चांगल्या स्थितीत असल्यास तिच्यावरूनही ईथरनेट नेता येते. भिंतीच्या कडेने चिकटवता येणारा, जवळजवळ अदृश्य असा पातळ प्रकाशीय तंतू हा आणखी एक पर्याय आहे. मात्र त्याच्यातून उपकरणांना वीज पुरवता येत नाही.

हे सुद्धा पहा

• ईथरनेट
• वाय-फाय
• प्रकाशीय तंतू
• संगणकीय जाळे
• ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९